नाव न मिळालेलं वादळ आणि शेतात राहिलेला कांदा

मंगळवार, २० मे २०२५. दुपारचा पाऊस येऊन गेला होता आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सरांच्या गच्चीची फरशी अजून ओली होती. पूर्वेला, निफाडच्या अंगाला, विजा चमकत होत्या. आम्ही पाच जण खुर्च्या ओढून बसलो होतो आणि विषय एकच होता : अरबी समुद्रात कोकण-गोव्यासमोर जे शिजतंय, त्याचं चक्रीवादळ होणार का?

दोन तास वाद झाला. शेवटी तीनास एक असा कौल लागला की वादळ होणार नाही. पाचव्याने मत दिलं नाही, कारण तो मत द्यायला नव्हे, ऐकायला आला होता. कौल बरोबर ठरला. तरीही त्याच कौलापायी निफाड तालुक्यातल्या एका शेतात कांद्याचा ढीग भिजला. अंदाज खरा ठरूनही नुकसान कसं झालं, हे तारखेनुसार मांडून ठेवायला हवं असं मला तेव्हापासून वाटत होतं.

आमच्यातलं कुणीही हवामानशास्त्रज्ञ नाही. सर निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्या गच्चीत पर्जन्यमापक आहे आणि ते रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. एक पोरगा इंजिनिअरिंगला आहे. संगणकावरच्या हवामान मॉडेलचे नकाशे वाचण्यात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. एक ताई कृषी सेवा केंद्र चालवतात. उद्या पाऊस आहे की नाही यावर त्यांच्या दुकानातलं अर्धं बोलणं अवलंबून असतं. मी नोंदवही ठेवतो. आणि पाचवे निफाडचे दादा. त्यांची द्राक्षबाग आहे, शिवाय उन्हाळ कांदा. त्या दिवशी थोडा कांदा साठवणीच्या चाळीत गेला होता, बाकीचा काढून, पात कापून शेतातच ढिगाने पडला होता.

त्या महिन्याची तऱ्हाच वेगळी होती. मेच्या पहिल्या आठवड्यापासून वळवाचा पाऊस सुरू झाला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. वळीव म्हणजे एक-दोन दिवस धिंगाणा आणि मग पुन्हा ऊन, हा आपला अनुभव. यंदा मधलं ऊनच गायब होतं. १३ मेला मोसमी वारे अंदमानात पोहोचले आणि त्याच सुमारास ‘शक्ती’ हे नाव लोकांच्या तोंडी आलं. आधी ते बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांच्या चक्राला चिकटवलं गेलं, मग अरबी समुद्रातल्या. हवामान खात्याने तोवर कशालाच नाव दिलं नव्हतं. नाव देण्याचा नियम साधा आहे. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला, म्हणजे चक्रीवादळ झालं, की ठरलेल्या यादीतलं पुढचं नाव मिळतं. उत्तर हिंदी महासागराभोवतीच्या १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिली आहेत. नोव्हेंबर २०२४ मधलं ‘फेंगल’ हे सौदी अरेबियाने दिलेलं नाव होतं, त्यानंतर श्रीलंकेचं ‘शक्ती’. म्हणजे नाव पाळण्याआधीच तयार होतं, आणि लोकांनी बाळ जन्मल्याचं गृहीत धरलं.

गच्चीवर बोलायला सुरुवात पोराने केली. जीएफएस या अमेरिकन मॉडेलच्या काही धावांत, म्हणजे एकेका वेळच्या गणितात, कोकणासमोर घट्ट वर्तुळं दिसत होती. तो म्हणाला, “सर, पाणी तीस अंशांच्या वर आहे. लागतं साडेसव्वीस. अजून काय पाहिजे?”

सर म्हणाले, “चुलीवर पाणी उकळलं म्हणजे चहा झाला का रे?”

मग ते एकेक गोष्ट सांगत गेले. समुद्र तापलेला हवा, तो होताच. मेमध्ये पूर्व अरबी समुद्र जवळजवळ दरवर्षी तेवढा तापतो, आणि तरी दर मेमध्ये वादळ होत नाही. मधल्या थरातली हवा ओली हवी, तीही होती. विषुववृत्तापासून पुरेसं लांब हवं, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला वळण मिळतं. तेही होतं. अडचण होती विंड शिअरची, म्हणजे खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे. ढगांचा मनोरा सरळ उभा राहिला तर त्याची ऊब मधोमध साठते आणि दाब उतरत जातो. वरच्या वाऱ्याने त्याचं डोकं एका बाजूला ओढलं की ऊब विखुरते. मोसमी पाऊस जवळ आला की खाली पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि वर दहा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा. म्हणूनच आपल्या दोन्ही समुद्रांत मोठी वादळं मोसमाच्या आधी आणि नंतर होतात, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये क्वचित. सरांचं म्हणणं असं की यंदा मोसम लवकर येतोय, तेव्हा वादळाला मिळणारी फट लवकर बंद होणार.

मला हा मुद्दा आजही त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला मुद्दा वाटतो. ज्या वाऱ्याने त्या चक्राला ओल पुरवली, त्याच वाऱ्यांच्या रचनेने त्याला वाढू द्यायचं नाही, हे एकदा समजलं की नकाशावरच्या लाल रंगाची भीती थोडी कमी होते.

पण पोराचं उत्तरही कच्चं नव्हतं. त्याने तीन नावं घेतली : २०१९ चं वायू, २०२० चं निसर्ग, २०२३ चं बिपरजॉय. तिन्ही अरबी समुद्रातली, तिन्ही जूनमधली, तिन्ही मोसमाच्या आगमनाला अगदी लागून. निसर्ग तर मोसम केरळात आला त्याच दिवशी, १ जून २०२०ला, डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, झालं होतं. “मग तेव्हा शिअर कुठं गेलं होतं?” त्याने विचारलं.

यावर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. निसर्गचं नाव निघालं की नाशिकमध्ये असंच होतं. ३ जून २०२०ला दुपारी ते श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे वळत, कमजोर होत रात्री आपल्याकडे सरकलं. सह्याद्रीच्या आड राहून समुद्राचं वादळ दाराशी येऊ शकतं, हे आमच्यापैकी बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गच्चीतल्या त्या वादाखाली हीच भीती होती.

सरांनी नकाशा पुढे ओढला आणि अंतरावर बोट ठेवलं. निसर्गला समुद्रावर दोन पूर्ण दिवस मिळाले. बिपरजॉय ६ जूनला वादळ झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ उतरलं, नऊ दिवस पाण्यावर होतं. हे मात्र किनाऱ्याला खेटून जन्माला येतंय. घट्ट व्हायला वेळ लागतो आणि याच्याकडे वेळच नाही. जमिनीवर चढलं की खालून मिळणारी वाफ तुटणार, डोंगरावर घासणार.

युरोपियन मॉडेलही काहीसं हेच सांगत होतं : चक्र किनाऱ्याजवळच राहील, फार खोल जाणार नाही. ताईंनी विचारलं, दोन मॉडेल दोन गोष्टी सांगतात तर धरायचं कोणतं? पोराने प्रामाणिकपणे सांगितलं की एका धावेवर विश्वास ठेवू नये. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि लांबच्या पल्ल्यात वादळं उभी करण्याची त्याला सवय आहे. त्यापेक्षा समूह पाहावा. सुरुवातीची स्थिती जरा जरा बदलून युरोपियन मॉडेल ५१ वेळा चालवतात. त्यातले किती जण वादळ दाखवतात, यावरून शक्यता कळते. त्या रात्री फार थोडे दाखवत होते. एवढं सांगूनही पोराचं मत ‘होणार’ असंच राहिलं. त्याने ते सोडलं नाही याचं मला कौतुक वाटलं होतं, आणि चार दिवसांनी त्यामागचं खरं कारणही कळलं.

साडेनऊच्या सुमारास दादांनी तोंड उघडलं.

“सर, मला ते नावबिव नको. कांदा उचलू का राहू देऊ, तेवढं सांगा.”

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. मजूर लावून रातोरात ढीग चाळीत टाकायचा. पण कांदा पुरता सुकलेला नव्हता, आणि ओलसर कांदा चाळीत टाकला तर आतून सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. दुसरी वाट, मिळेल त्या भावात लासलगावला नेऊन मोकळं व्हायचं. तिसरी, दोन-तीन दिवस उघडा ठेवून सुकू द्यायचा आणि मग भरायचा. वादळ येणार असेल तर पहिली किंवा दुसरी. येणार नसेल तर तिसरी. दादांच्या डोक्यात हिशेब असा बसला होता, आणि तो तसा बसायला आम्हीच जबाबदार होतो, कारण दोन तास आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो.

सर म्हणाले, “वादळ काही होत नाही, दादा.”

ताई आणि मी मान डोलावली. दादांनी मोटारसायकल काढली.

सरांनी वाक्य खरं सांगितलं होतं. दादांनी ऐकलं ते वेगळं : पाऊस नाही. गच्चीवर ओली फरशी होती, समोर विजा होत्या, आणि तरी आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की या दोन वाक्यांमधलं अंतर मोठ्याने बोलून दाखवावं. मी वहीत लिहिलं : ‘चक्रीवादळ – नाही (३), होय (१)’. त्या पानावर पावसाबद्दल एक शब्द नाही.

बुधवारी, २१ तारखेला, दुपारी तीननंतर ढग दाटले. सकाळी बऱ्यापैकी ऊन होतं, त्यामुळे दादांनी ताडपत्री काढून कांदा पसरला होता. अर्ध्या तासात वारा सुटला आणि पावसाची सर कोसळली. झाकायला धावेपर्यंत वरचे थर भिजले. गुरुवारी पुन्हा तेच. लक्षात घ्या, हवामान खात्याच्या नोंदीत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं ते गुरुवारी, २२ मेला. म्हणजे ज्याच्या वाढण्याबद्दल आम्ही भांडत होतो, ते नीट जन्माला येण्याआधीच दादांचं नुकसान सुरू झालं होतं.

आता हा पाऊस कुठून आला, ते सांगतो. केंद्र आपल्या दक्षिणेला होतं. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला असलेल्या नाशिकला पूर्वेचा वारा लागतो. सरांच्या गच्चीतलं वातकुक्कुट त्या दिवसांत पूर्वेकडे तोंड करून होतं. हवेत आधीच महिनाभराची ओल, दुपारी जमीन तापली की ती हवा वर चढते, आणि डोंगरांवर ढग उभे राहतात. अशा पावसाला चक्रीवादळ लागत नाही. कमी दाबही फार खोल असावा लागत नाही. समुद्रातली ओल आपल्याकडे येत राहील एवढी व्यवस्था पुरते. चक्राची ताकद वाढली की नाही हा कोकणातल्या मच्छीमारासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. आमच्यासाठी प्रश्न होता की ही ओली हवा किती दिवस मुक्काम करणार.

यातली खंत अशी की हे आम्हाला माहीत असायला हवं होतं, कारण २०१९ मध्ये नाशिकने हा धडा फार महाग घेतला होता. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ रत्नागिरीसमोरच्या समुद्रात उभं राहिलं आणि सुपर सायक्लोन, म्हणजे सगळ्यात तीव्र वर्गातलं वादळ, झालं. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातलं ते पहिलंच. ते महाराष्ट्रावर आलं नाही, ओमानच्या दिशेने गेलं. पाठोपाठ ‘महा’. तेही आपल्यावर आलं नाही. आणि तरी त्या दिवाळीत जिल्ह्यातल्या द्राक्षबागा पावसाने झोडपल्या. फुलोऱ्यातले घड कुजले, डाऊनी हा बुरशीचा रोग आला. दादांची स्वतःची बाग त्यात होती. वादळ शेकडो किलोमीटर दूर जात असताना बाग गेली, हे त्यांनी भोगलेलं होतं. आमच्या तोंडून ‘वादळ नाही’ ऐकल्यावर त्यांनाही ते आठवलं नाही. आमच्या शब्दाचं त्यांच्याकडे तेवढं वजन होतं, हे मला जास्त लागलं.

शुक्रवारी, २३ मेला, चक्राने जोर धरला. पोराने पहाटे इनसॅट उपग्रहाचं चित्र पाठवलं : किनाऱ्याजवळ पांढराशुभ्र गठ्ठा. सरांनी त्याला दुपारचं चित्र पाहायला सांगितलं, कारण समुद्रावरचे ढग रात्री-पहाटे फुगतात आणि दुपारी ओसरतात. एका पहाटेच्या चित्रावर भरवसा ठेवायचा नसतो. दुपारी गठ्ठा थोडा विस्कटला, पण पूर्ण मोडला नाही. आणि शनिवारी, २४ मेला सकाळी, हवामान खात्याने जाहीर केलं की रत्नागिरीच्या वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर डिप्रेशन आहे. त्याच दुपारी बाराच्या आसपास ते रत्नागिरी आणि दापोली यांच्यामध्ये किनारा ओलांडून पूर्वेकडे निघालं आणि जमिनीवर कमजोर होत गेलं. डिप्रेशन जाहीर झालं आणि काही तासांत समुद्रावरचा त्याचा प्रवास संपला. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, २००९ नंतर एवढ्या लवकर पहिल्यांदाच. २६ मेला तो मुंबईत होता. १९५६ मध्ये तो २९ मेला आला होता, तो विक्रम मोडला.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर पोरगा आला तो हातात प्रिंट घेऊन. हवामान खात्याच्या उष्णकटिबंधीय अंदाजपत्रकात पुढच्या सात दिवसांची ‘सायक्लोजेनेसिस’ची शक्यता दिलेली असते : शून्य, कमी, मध्यम, जास्त. त्याने त्यावर बोट ठेवलं. ती शक्यता डिप्रेशन तयार होण्याची असते. नाव मिळालेल्या चक्रीवादळाची नव्हे. डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा. त्यापुढे ५० ते ६१ डीप डिप्रेशन. वादळ ६२ पासून. पोरगा मंगळवारी ‘होणार’ म्हणत होता ते डिप्रेशनला धरून. सर ‘होणार नाही’ म्हणत होते ते चक्रीवादळाला धरून. दोघंही बरोबर निघाले. दोन तास ते एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन भांडले होते आणि आम्ही मतं मोजत होतो.

सरांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग म्हणाले, “माझंच चुकलं. दादांनी विचारलं होतं कांद्याचं, मी उत्तर दिलं वादळाचं.”

मला वाटतं चूक एकट्या सरांची नव्हती. मॉडेल पाहणाऱ्या माणसाला वाढ होणार की नाही हा प्रश्न खेचून घेतो. त्यात चुरस असते, हारजीत असते, उत्तर ठराविक तारखेला मिळतं. ‘आपल्याकडे किती दिवस ढग राहतील’ या प्रश्नात चुरस नाही, नकाशावर गोल फिरणारं काही नाही. म्हणून तो मागे पडतो. त्या संध्याकाळी समुद्रावर आम्ही दोन तास घालवले. नाशिकवर पाच मिनिटंसुद्धा नाही. सरळ रेषेत समुद्र इथून शंभर-एकशे दहा किलोमीटर आहे, पण आमची नजर सव्वातीनशे किलोमीटर दूर रत्नागिरीसमोर अडकली होती.

आता वहीची मांडणी बदलली आहे. पहिला रकाना ‘आपल्याकडे काय’ : पाऊस, ढग, वारा, किती दिवस. हा आधी भरायचा, आणि त्यात ‘नाही’ असा शब्द एकटा लिहायचा नाही, कशाचं नाही ते लिहायचं. ‘केंद्र कुठे जाणार’ आणि ‘किती वाढणार’ हे रकाने त्यानंतर. वाढीच्या रकान्यात डिप्रेशन की चक्रीवादळ हे स्पष्ट लिहिल्याशिवाय मत धरत नाही. ताईंनी आणखी एक सुचवलं. कोणी काही विचारलं की आधी उलट विचारायचं, तुम्हाला हे कशासाठी हवंय? दुकानात त्या तेच करतात. फवारणीसाठी पुढचे सहा तास लागतात, छाटणीसाठी पुढचा आठवडा.

दादांच्या त्या ढिगातला बराच कांदा निवडून फेकावा लागला. उरलेला त्यांनी मिळेल त्या भावात दिला. मी किती गेला ते विचारलं नाही.

३ ऑक्टोबर २०२५ला अरबी समुद्रात खरोखरच वादळ झालं आणि त्याला ‘शक्ती’ हे नाव मिळालं. ते पश्चिमेकडे गेलं आणि समुद्रावरच कमजोर झालं. त्या दिवशी दादांचा फोन आला. वादळाचं त्यांनी काही विचारलं नाही. छाटणी घ्यायची होती, पाऊस किती दिवस ते हवं होतं. आम्ही पहिला रकाना वाचून दाखवला.

महिन्याअखेरीस ते स्वतः गच्चीवर आले. नव्या फुटींवर घड फार कमी दिसत होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड धरतो तो मे-जूनमध्ये, आणि त्याला ऊन लागतं. ढगाळ हवेत डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तंतू, धरते. ऑक्टोबर छाटणीनंतर ते उघडं पडतं, तोवर काही करता येत नाही. दादांनी विचारलं, “मेमध्ये नीट ऊन किती दिवस पडलं, वहीत असेल ना?”

वहीत रोजचा पाऊस होता, साडेआठची नोंद, एक दिवस न चुकता. उन्हाचा रकाना कुणी आखलाच नव्हता. आता पोरगा इनसॅटची जुनी चित्रं काढून निफाडवरचे ढगाळ दिवस एकेक करून मोजतोय. मे झाला आहे, जून चालू आहे.